कठड्यावरची नऊ इंच जागा

इमारत सात मजली, बिऱ्हाडं चौसष्ट, आणि प्रश्न गच्चीवर एक तार बांधावी की बांधू नये, एवढाच. तारेची जाडी दोन मिलिमीटर. लांबी वीस मीटर आणि वर चार बोटं. वजन भरल्या तांब्याहून कमी. एवढ्याशा ऐवजावर व्यवस्थापन समितीच्या सहा सभा झाल्या, दोन उपसमित्या नेमल्या गेल्या आणि इतिवृत्ताची वही संपून दुसरी आणावी लागली. दुसऱ्या वहीच्या पहिल्या पानावर सचिवांनी वळणदार अक्षरात लिहिलं, ‘विषय मागील वहीवरून पुढे चालू.’

तार हवी होती पाचव्या मजल्यावरच्या मास्तरांना. मास्तर आयुष्यात कुठल्या शाळेत शिकवायला गेले नव्हते. एकतीस वर्षं मालवाहू जहाजांवर रेडिओच्या खोलीत बसून त्यांनी वादळांच्या बातम्या घेतल्या होत्या आणि घरच्या खुशाली पाठवल्या होत्या. निवृत्तीनंतर हौशी रेडिओचा सरकारी परवाना काढला, यंत्र घेतलं आणि जुन्या घराच्या अंगणात खांब रोवून पुन्हा आभाळाशी बोलायला लागले. मग लेक म्हणाली, ‘बाबा, आता जवळ या.’ अंगण सुटलं, खांब सुटला, आणि मास्तर बायकोसह या इमारतीत आले. इथे पहिल्याच दिवशी कुणीतरी ‘काय मास्तर, लागलं का सामान?’ असं विचारलं, तेव्हापासून ते मास्तर.

समुद्रावरचा त्यांचा जोडीदार होता ‘लांबरेघ’. मोर्सच्या टिकटिक लिपीत टिंब आणि रेघ अशा दोनच गोष्टी. याची रेघ सगळ्यांपेक्षा केसभर लांब. गाणाऱ्याला शेवटचा सूर सोडवत नाही, तशी ती त्याच्या बोटाला सोडवत नसे. शंभर जहाजांच्या गलक्यातून मास्तर ती रेघ ओळखत. दोघं निवृत्त झाले, दोन किनाऱ्यांना लागले, तरी सकाळी सव्वासातला त्यांची भेट चुकली नव्हती. दोन वर्षांपूर्वी लांबरेघेला झटका आला. जीभ जड झाली, उजवा हात मांडीवर पडून राहिला. डावा मात्र शाबूत. वहिनींनी डाव्या हाताशी मोर्सची की, टिकटिक दाबायची ती कळ, ठेवली आणि अंथरुणावरचा माणूस महिन्याभरात पुन्हा बोलायला लागला. डॉक्टर म्हणाले, “हे चालू ठेवा. यानंच ते टिकून आहेत.”

नव्या घरात मास्तरांनी यंत्र मांडलं आणि तूर्तास पडद्याच्या दांडीवर हातभर तार गुंडाळली. तेवढ्यावर ऐकू येत होतं. बोलणं मात्र पलीकडे पोचत नव्हतं. रोज सव्वासातला लांबरेघ हाक मारी. मास्तर की दाबत, खिडकीपर्यंत जाऊन हाक विरून जाई. पलीकडून पुन्हा विचारणा येई: आहेस का? आहेस का? मग जरा वेळानं: बरं, उद्या.

दहाव्या दिवशी वहिनींचा फोन आला. “भाऊजी, कुठे आहात हो? हे रोज नाश्ता बाजूला सारून बसतात. काल पाचच मिनिटं हाक मारली नि तोंड भिंतीकडे फिरवलं. आज की जवळ घ्यायलाच तयार नव्हते.”

“वहिनी, पंधरा दिवस कळ काढायला सांगा त्याला. तार बांधली की आलोच मी.”

मास्तर पंधरा दिवस म्हणाले, कारण ते समुद्रावरचे होते. समिती म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आता कुणीही शहाणा विचारील, की एवढं कशाला, फोनवर बोलावं. तर लांबरेघेला बोलता येत नाही. मग संदेश लिहावा. तर फोनच्या काचेवरची बारीक अक्षरं त्याच्या डाव्या हाताच्या बोटाखालून निसटतात. मग फोनवरच टिकटिक ऐकवावी. तोही प्रयोग झाला होता. फोन इतका हुशार निघाला, की माणसाचा आवाज तेवढा ठेवून बाकीची कटकट तो पुसून टाकायचा. लांबरेघ पंधरा मिनिटं मनातलं सांगत होता, आणि मास्तरांना ऐकू आलं ते फक्त वहिनींचं खोकणं.

तेव्हा तार. मास्तरांनी तीन दिवस वही घेऊन तारेचा विचार केला. लांबरेघेला मदतनीस रोज सकाळी उठवून बसवी, कधी कधी दुपारीही. आणि आभाळाचा स्वभाव असा, की सकाळी एका बँडवर, म्हणजे लहरींच्या एका पट्ट्यावर, दार उघडतं तर दुपारी दुसऱ्यावर. म्हणजे एकाच तारेला सगळे बँड जमायला हवेत. शेवटी त्यांनी निवड केली: लिफ्टच्या खोलीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सरळ तार, आणि तिच्या मध्यातून खाली उतरणारी दुपदरी फीडलाइन. तार आभाळातलं ऐकते, फीडलाइन ते खोलीतल्या यंत्रापर्यंत आणते. ही दुपदरी म्हणजे दोन समांतर तारा, मधे वीतभर अंतरावर प्लास्टिकच्या काड्या, दिसायला अगदी बाहुलीची शिडी. सगळ्या बँडवर चालणार, वाया काही जाणार नाही. फक्त तिला भिंतीपासून चार बोटं मोकळी सोडायची. मास्तरांनी चित्र काढून बायकोला दाखवलं.

“छान आहे,” बायको म्हणाली. “आता असं करा, उद्या सकाळी वर जाऊन बांधून टाका.”

“अगं, परवानगी?”

“अहो, वर जाऊन बघितलंत का एकदा? नऊ डिश आहेत, मोडकी खाट आहे, कुणाचा तरी कबुतरांचा पिंजरा आहे, चौथ्या मजल्यावाल्याची व्यायामाची सायकल आहे. त्यांनी कुणाला विचारलं?”

“म्हणून आपणही विचारायचं नाही?”

“विचारलं की त्यांना उत्तर द्यावं लागतं हो. माणसं उत्तर द्यायला घाबरतात.”

पण एकतीस वर्षं ज्यानं परवानगीशिवाय बंदराच्या हद्दीत शब्द उच्चारला नाही, तो गच्चीवर तार कशी बांधणार? मास्तरांनी अर्ज लिहिला. सोबत परवान्याची प्रत, चित्र आणि ‘आपला नम्र’ जोडला.

पहिली सभा तळमजल्यावरच्या कार्यालयात झाली. अध्यक्षबाई मधोमध, सचिव त्यांच्या उजवीकडे नियमावली घेऊन. सचिव पूर्वी कुठल्याशा खात्यात कलमं तपासायला होते. निवृत्त झाले तरी कलमांनी त्यांना सोडलं नव्हतं.

“मास्तर, हे तुमचं यंत्र बिनतारी आहे ना?” सचिवांनी विचारलं.

“हो.”

“मग तार कशाला?”

मास्तरांनी समजावलं. सचिवांनी ऐकून घेतलं आणि इतिवृत्तात लिहिलं, ‘अर्जदाराच्या म्हणण्यात विसंगती आढळली.’

“सरकारनं परवाना दिलाय,” मास्तर म्हणाले.

“सरकारला आमचा मान आहे,” अध्यक्षबाई गोड हसून म्हणाल्या, “पण सरकार आमच्या गच्चीवर राहत नाही.”

“आणि वरच्या त्या नऊ डिश? ती खाट?”

सचिवांनी नियमावली मिटली. त्यांना हा प्रश्न मनापासून आवडला असावा. “त्यांचा अर्ज आहे का आमच्याकडे? नाही. ज्याचा अर्ज नाही ती वस्तू समितीच्या दृष्टीनं नाही. जी नाही तिला हरकत कशी घेणार? तुमची तार मात्र आता आहे.”

“अजून तर बांधलीच नाही!”

“कागदावर आहे.”

तोडगा असा निघाला, की आडवं जे काही आहे ते गच्ची उपसमितीनं बघावं, आणि उभं जे काही उतरतं ते भिंत उपसमितीनं. गच्ची उपसमितीचे प्रमुख दुसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य. भिंतीचे प्रमुख पडद्यांचं दुकान असलेले शेटजी. दोघांच्या बैठका एकाआड एक महिन्यात, कारण खुर्च्यांचा संच एकच होता.

दंतवैद्य वर आले. दोन्ही टोकं ठोकून पाहिली, टाकीचा हुक हलवून पाहिला, मास्तरांना “दुखतंय का?” असं सवयीनं विचारून गेले, आणि तार मंजूर झाली. मास्तरांनी वहिनींना फोन केला. “निम्मं काम झालं!”

पुढच्या महिन्यात शेटजींनी दुपदरी फीडलाइन हातात धरून पंखा लावला आणि ती कशी हलते ते पाहिलं. “पडत नाही नीट,” ते म्हणाले. “झोळ येतो. शिवाय नियम असा, की भिंतीवरून उतरणारी प्रत्येक वायर पाइपातून, भिंतीला चिकटून.”

“शेटजी, पाइपात घातली की ही मेली. हिला चहूबाजूंनी मोकळी हवा लागते.”

“ती सगळ्यांनाच लागते, मास्तर. पण भिंतीला शिस्त हवी. ती केबलवाल्यांची काळी, गोल असते, ती घ्या ना. सुंदर पडते.”

मास्तर घरी आले, वही उघडली. काळी गोल केबल पाइपात निमूट बसते, हे खरं. पण मध्यातून जोडलेल्या या तारेशी तिचं एकाच बँडवर जमतं; बाकीच्या बँडवर निम्म्याहून जास्त ताकद केबलच गरम होऊन खाऊन टाकते. तेव्हा फीडलाइन बदलायची तर तारही बदलायला हवी: मध्याऐवजी टोकाला जोड, आणि त्या जोडावर मुठीएवढी डबी, की तार आणि केबल दोघींना एकमेकींचं म्हणणं समजावं. नवं चित्र, नवा अर्ज, नवा ‘आपला नम्र’.

शेटजींनी केबल लगेच मंजूर केली. दंतवैद्य मात्र गंभीर झाले. “आम्ही मंजूर केली होती ती मध्यातली तार. ही टोकातली. वेगळा दात आहे हा.” पुन्हा तपासणी, पुन्हा महिना. या दरम्यान पडद्याच्या दांडीवरून येणारी लांबरेघेची हाक तीन दिवसांतून एकदा येऊ लागली होती, आणि ती लांब रेघ आता आणखी लांबत होती. आधी ती सुरासारखी वाटायची. आता हात उचलायला वेळ लागतोय, हे कळत होतं. मास्तर ते बायकोला सांगत नसत. बायको त्या वेळी मुद्दाम स्वयंपाकघरात भांडी वाजवत असे.

अखेर पाचव्या सभेत दोन्ही मंजुऱ्या एकाच टेबलावर आल्या. मास्तरांनी पेढे वाटायचेच बाकी होते. तेवढ्यात सचिवांनी चित्रावर पेन्सिलीचं टोक टेकवलं.

“ही डबी कुठे बसते?”

“कठड्यावर. तार इथे संपते, केबल इथून उतरते.”

“कठड्याची आतली बाजू गच्चीची. बाहेरची भिंतीची. ही डबी तर वर बसते, माथ्यावर.” सचिवांनी दोन्ही प्रमुखांकडे पाहिलं. “माथा कुणाचा?”

दंतवैद्य म्हणाले, “आमचा नाही. जिथे पाय टेकतात तेवढंच आम्ही बघतो.”

शेटजी म्हणाले, “आमचाही नाही. तिथून काही पडत नाही, तोवर ती भिंत नाही.”

नियमावली तीनदा चाळण्यात आली. कठड्याच्या माथ्याची ती नऊ इंच रुंदीची पट्टी इमारत बांधली त्या दिवसापासून कुणाच्याही ताब्यात नव्हती, असं निष्पन्न झालं. अध्यक्षबाई अस्वस्थ झाल्या. इतकी वर्षं आपण बेवारस जागेखाली राहतोय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ठराव झाला: ‘तार मंजूर. केबल मंजूर. दोहोंच्या जोडणीस, सक्षम प्राधिकरण अस्तित्वात नसल्यामुळे, परवानगी देता येत नाही.’

मास्तरांनी तार बांधली. केबल पाइपातून उतरवली, अगदी सुंदर पडली. कठड्याच्या अलीकडे एक टोक, पलीकडे एक टोक, मधे नऊ इंच आभाळ. मास्तर त्या दोन टोकांकडे बघत उभे राहिले, बंदर समोर दिसत असून शिरता येत नसलेल्या जहाजासारखे.

बायको मागून आली. “काय लिहिलंय ठरावात? वाचा बरं.”

“जोडणीस परवानगी नाही.”

“जोडणी म्हणजे कायमची. मी रोज डबी आणून ठेवली नि काम झाल्यावर उचलून नेली, तर? कठड्यावर पिशवी ठेवायला परवानगी लागते का?”

मास्तरांनी नियमावली वाचली होती. पिशवीबद्दल त्यात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सातला बायको कापडी पिशवीत डबी घेऊन निघाली. लिफ्टची दुरुस्ती चालू होती, तेव्हा जिन्यानं. आणि चढता चढता तिनं स्वतःशीच गुणगुणायला घेतलं:

चढते मी गं जिना, चिमटा माझ्या हाती
दर्यापारच्या भावाशी, जोडून देते नाती

वर जाऊन तिनं डबी कठड्यावर ठेवली, एका बाजूला तारेचा चिमटा, दुसऱ्या बाजूला केबलचा खटका. मग सांगितल्याप्रमाणे चार पावलं मागे सरली, कारण बोलणं चालू असताना तारेच्या त्या टोकाला हात लावला तर चांगला चटका बसतो. फोन काढून तिनं मास्तरांना एक मिस्ड कॉल दिला. या सगळ्या प्रकरणात फोनचा उपयोग झाला तो एवढाच.

सव्वासात. मास्तरांनी की दाबली. आहेस का?

 मास्तरांनी पुन्हा विचारलं. आणि मग आली ती, आधी अडखळत, मग सरळ, केसभर लांब: आहे. तू कुठे होतास?

मास्तरांचे डोळे भरून आले. बोटांनी प्रामाणिक उत्तर दिलं: समितीत.

 मग लांबरेघेनं विचारलं: समिती कुठल्या समुद्रात?

मास्तर इतके हसले, की बायकोला गच्चीवर ऐकू आलं म्हणतात.

आठवड्यात ही गोष्ट चौसष्ट घरांत पोचली. लोक सकाळी चहाचे कप घेऊन गच्चीवर येऊ लागले. चिमटा लागला की गप्प राहायचे, मिस्ड कॉल गेला की टाळ्या वाजवायचे. मास्तरांनी यंत्राचा आवाज मोठा करून जिन्यात ऐकवला, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी डोळ्यांना पदर लावला. “काय सांगतोय गं तो?” त्यांनी मास्तरांच्या बायकोला विचारलं.

“आज दोन घास जास्त खाल्ले म्हणतोय.”

दंतवैद्य आले, शेटजी आले. एकदा सचिवही आले, आणि खिशातून रुमाल काढून बराच वेळ चष्मा पुसत राहिले. वहिनींचा फोन आला: “भाऊजी, काल ह्यांनी उजवा हातही कीवर ठेवून पाहिला.”

एकतिसाव्या दिवशी सचिव पुन्हा आले, तेव्हा त्यांच्या हातात रुमाल नव्हता, कागद होता. “मास्तर, वैयक्तिक म्हणाल तर मी तुमच्या बाजूचा आहे. पण तात्पुरती गोष्ट सलग तीस दिवस झाली की ती वहिवाट होते. वहिवाटीला सर्व सभासदांचं मत लागतं. परिपत्रक काढलंय. निम्म्याहून अधिक सभासदांनी ‘हरकत नाही’ असं लिहून दिलं, की विषय संपला. नाहीतर तार उतरवावी लागेल.”

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. रोज टाळ्या वाजवणारी माणसं! त्यांनी परिपत्रक वाचलं. शेवटची ओळ बारीक अक्षरात होती: ‘मुदतीत उत्तर न आल्यास सभासदाची हरकत आहे असे समजण्यात येईल.’

“हे उलटं नाही का सचिव? गप्प बसला त्याची संमती, असं असतं ना?”

“पूर्वी होतं,” सचिव म्हणाले. “तेव्हा मोबाइल कंपनीचा मनोरा वर उभा राहिला. कुणीच उत्तर दिलं नव्हतं. नंतर सगळे भांडायला आले, की आम्हाला विचारलंच नाही. तेव्हापासून नियम फिरवला. आता तरी लोक उत्तरं देतील, असा समितीचा विश्वास आहे.”

मास्तर दारोदार गेले. एकाही दारात त्यांचा अपमान झाला नाही.

“हरकत? आमची? काहीतरीच काय मास्तर! आत या, चहा घ्या.”

“मग तेवढं लिहून द्या ना.”

“देतो की. त्यात काय. कुठे ठेवलं गं ते परिपत्रक? असेल इथेच. उद्या देतो.”

दंतवैद्य म्हणाले, “मी उपसमितीचा प्रमुख. मी लिहून देणं योग्य दिसेल का? बाकीचे देतीलच.” तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “माझं एकटीचं काय मोजायचं? एवढी घरं आहेत.” शेटजींनी कागदावर सही केली, पण ‘हरकत आहे’ आणि ‘हरकत नाही’ यांपैकी काय खोडायचं ते मुलाला विचारून सांगतो म्हणाले. मुलगा कामानिमित्त बाहेरगावी आहे.

मुदत शुक्रवारी संध्याकाळी संपते. आज दुपारपर्यंत सचिवांकडे एक उत्तर आलं आहे. ते मास्तरांचं स्वतःचं. आणि स्वतःच्या प्रकरणात स्वतःचं मत धरत नाहीत. बाकी त्रेसष्ट घरांची तीव्र हरकत असल्याची नोंद तयार आहे, फक्त तारीख घालायची राहिली आहे. रोज सकाळी मास्तरांची बायको वर जाते, डबी ठेवते, चार पावलं मागे सरते. लांबरेघेनं काल विचारलं: उद्या आहेस ना? मास्तरांनी कीवर बोट ठेवलं आणि पहिल्यांदाच त्यांना काय दाबावं ते सुचलं नाही.

तुम्हाला वाईट वाटलं असेल. समितीचा रागही आला असेल, आणि तो येणं बरोबरच आहे. अशी माणसं सगळीकडे असतात. पण परिपत्रक चौसष्ट दारांखालून सरकवलं होतं, आणि त्यातलं एक दार तुमचं आहे. जरा बघा, फ्रिजवर चुंबकाखाली असेल, नाहीतर वर्तमानपत्रांच्या रद्दीत. सापडलं नाही तरी काळजी करू नका. तुमचं उत्तर आम्ही लिहून घेतलं आहे.